जवळचं नाव म्हणजे बरोबर नाव नव्हे

संधिवाताच्या अनेक रुग्णांच्या औषधाच्या डब्यात दोन गोळ्या शेजारी शेजारी असतात, फॉलिट्रॅक्स आणि फॉलवाइट. पहिलीत मेथोट्रेक्सेट आहे. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वारी घ्यायची असते. दुसरीत फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे एक जीवनसत्त्व. पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून ते जोडीला देतात. चिठ्ठी एक, डॉक्टर एक, नावांची सुरुवातही एकच. पण दोघींची अदलाबदल होऊन आठवड्याची गोळी रोज पोटात गेली, तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात आणि वेळेवर ध्यानात आलं नाही तर माणूस दगावतो. मेथोट्रेक्सेट रोज घेतल्याची चूक जगात इतक्या ठिकाणी झाली आहे, की जोखमीच्या औषधांच्या यादीत ते नाव हमखास सापडतं.

आता हे नाव ओळखायचं काम यंत्राकडे चाललं आहे. चिठ्ठीचा फोटो पाठवला की एआय एजंट तो वाचणार, औषधांच्या यादीत नाव शोधणार, दोन औषधं एकमेकांना मारक आहेत का ते तपासणार आणि पुढे मागणीही नोंदवणार. एजंट म्हणजे निव्वळ उत्तरं देणारा चॅटबॉट नव्हे; एकामागून एक कामं स्वतःहून करत जाणारा प्रोग्राम. या साखळीची पहिली कडी म्हणजे नावाचा शोध, आणि त्यासाठी खास शोधसाधनं तयार होऊ लागली आहेत. त्यांची जाहिरात एकाच गुणावर चालते: अर्धवट, चुकीचं, कसंही लिहिलेलं नाव द्या, आम्ही बरोबर नाव काढून देतो. माझं म्हणणं असं, की हा गुण औषधांच्या बाबतीत अर्धाच कामाचा आहे आणि उरलेल्या अर्ध्यात धोका आहे. औषधाचं नाव शोधणाऱ्या साधनाची लायकी ते किती झटपट उत्तर देतं यावर नाही, कुठे थांबतं आणि काय विचारतं यावर ठरवली पाहिजे.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. २००२ साली महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर होती आणि त्यानंतर काशिमीरा ते भाईंदर खाडीपर्यंत इमारतींची दाटी वाढतच गेली. इथल्या माणसाचा डॉक्टर इथलाच असतो असं नाही. कुणाची हृदयाची औषधं परळच्या केईएममधून आलेली, कुणाची बोरिवलीच्या खासगी दवाखान्यातून, कुणी भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयातून गोळ्या आणलेल्या, तर कुणाची चिठ्ठी सुरतेहून, पालीहून किंवा जौनपूरहून आलेली. हे सगळे कागद शेवटी शांतीनगर, नयानगर, नवघर किंवा गोल्डन नेस्टच्या एखाद्या मेडिकलच्या काउंटरवर येतात. तिथे मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू सगळं चालतं, उत्तन-डोंगरीकडच्या ख्रिस्ती कोळी बायकांची बोलीही चालते. एकाच गोळीची सहा उच्चारणं होतात. कधी नावच नसतं. ‘ती बीपीची, गुलाबी, अर्धी करून घ्यायची’ एवढंच असतं.

त्यात भर कापलेल्या स्ट्रिपची. दहाची स्ट्रिप परवडत नाही किंवा तेवढी लागत नाही, म्हणून चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या जातात. छापलेलं नाव राहतं दुकानात, एक्स्पायरी जाते तिसऱ्याच गिऱ्हाइकाकडे आणि घरी येतो शेवटची तीन-चार अक्षरं उरलेला चांदीचा तुकडा. पुढच्या महिन्यात तोच तुकडा काउंटरवर ठेवून ‘हेच द्या’ म्हणतात. जाणता केमिस्ट अशा वेळी लगेच ड्रॉवर उघडत नाही. कोणासाठी हवंय, शुगर आहे का, कधीपासून चालू आहे, रोज घेता की वार ठरलाय, जुनी चिठ्ठी मोबाइलमध्ये आहे का, असं एकेक विचारतो. औषध शॉर्ट असेल तर दुसऱ्या कंपनीचं दाखवून ‘कंटेंट सेम आहे, पण डॉक्टरांना फोन करून घ्या’ म्हणतो. त्याच्या डोक्यात नावांची यादी असतेच. पण गिऱ्हाइकाला वाचवते ती यादी नव्हे, त्याचे हे प्रश्न वाचवतात.

सगळेच केमिस्ट असे असतात, असा भाबडा दावा मला करायचा नाही. काही दुकानांत नोंदणीकृत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि काउंटरवर भलताच पोरगा. रात्री दहाला, गर्दीत, दमलेल्या माणसाच्या नजरेतून नाव निसटतं. यंत्र दमत नाही, कंटाळत नाही. आपल्या देशात ६०,००० जेनेरिक ब्रँड असल्याचं उद्योगाच्या आणि सरकारच्या माहितीत सांगितलं जातं. एवढी नावं कोणा माणसाच्या डोक्यात मावणार नाहीत. तेव्हा यंत्र नको, असा वाद घालण्यात अर्थ नाही. कोणतं यंत्र, हा वाद घातला पाहिजे.

त्यासाठी नावं ‘जवळची’ कशी ठरतात, हे थोडं आत शिरून पाहावं लागेल. १९१८ साली अमेरिकेत रॉबर्ट रसेल याने एका पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे ती साउंडेक्स म्हणून ओळखली गेली. आडनावांची स्पेलिंगं वेगवेगळी असली तरी सारखी ऐकू येणारी आडनावं एका कप्प्यात यावीत, हा तिचा हेतू. कृती सोपी आहे. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे. आता लॅसिक्स आणि लोसेक ही दोन नावं घ्या. लॅसिक्स हे लघवी वाढवून अंगावरची सूज उतरवणारं औषध, लोसेक पोटातलं आम्ल कमी करणारं. रोमन लिपीत दोन्हींची सुरुवात एल अक्षराने होते. मधले स्वर गेले की पहिल्यात एस आणि एक्स उरतात, दुसऱ्यात एस आणि सी. साउंडेक्समध्ये ही तिन्ही व्यंजनं एकाच गटात मोडतात. म्हणून दोन्ही नावांचा संकेतांक एकच निघतो: एल-२२०.

दुसरी पद्धत रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन याची, १९६५ ची. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, तेवढं त्यांच्यातलं अंतर. या मापाने लॅसिक्सचं लोसेक करायला पाचांपैकी तीन अक्षरं बदलावी लागतात. म्हणजे एक पद्धत म्हणते ही नावं एकच, दुसरी म्हणते निम्म्याहून अधिक वेगळी. प्रत्यक्षात काय झालं? अमेरिकेत या दोन औषधांची गल्लत होऊ लागली आणि १९९० मध्ये तिथे लोसेकचं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं. इथे कान जिंकला. मात्र दुसऱ्या उदाहरणात तोच कान हरला. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते ब्रिलिंटा आणि नैराश्यावरचं ब्रिंटेलिक्स यांचे साउंडेक्स संकेतांक वेगवेगळे येतात. पण कागदावर, पडद्यावर, घाईत दोन्हींची सुरुवात सारखी दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०१५ मध्ये या गोंधळाबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला आणि २०१६ मध्ये ब्रिंटेलिक्सचं ट्रिंटेलिक्स झालं. कानाच्या चुका वेगळ्या, डोळ्याच्या वेगळ्या.

हे ओळखूनच त्या प्रशासनाने पोका नावाचं सॉफ्टवेअर करून घेतलं. ते उच्चार आणि लिखाण दोन्ही मोजून शंभरापैकी गुण देतं. ७० किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे नावं अतिशय सारखी. नवं औषध बाजारात येण्याआधी त्याचं प्रस्तावित नाव यातून काढतात आणि गुण जास्त आले तर कंपनीला ते नाव मिळणं अवघड होतं.

माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथे आहे. पोकाच्या लेखी ८५ गुण म्हणजे धोक्याची घंटा. तेच ८५ गुण एआय एजंटच्या शोधसाधनात आले, की ‘सापडलं’ असा निकाल लागतो. गणित तेच, सूत्र तेच, पण अर्थ नेमका उलटा. नाव ठेवणारा म्हणतो, इतकी सारखी नावं आहेत, सांभाळा. नाव शोधणारा म्हणतो, इतकी सारखी नावं आहेत, म्हणजे हेच असणार. ज्या जोड्यांनी माणसांना फसवलं, त्याच जोड्या या साधनाला सर्वांत खात्रीच्या वाटतात. पुस्तकांच्या दुकानात किंवा रेल्वे स्टेशनांच्या यादीत अशा अंदाजाने फार तर वेळ जातो. औषधात जवळचं नाव हे चुकीच्या औषधाचं बरोबर लिहिलेलं नाव असू शकतं.

भारतात हा पेच आणखी घट्ट होतो, कारण आपल्याकडे नावापेक्षा शेपूट महत्त्वाचं असतं. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, रक्तदाबाची गोळी. टेल्मा एच म्हटलं की त्यात लघवी वाढवणारं आणखी एक औषध आलं, टेल्मा एएम म्हटलं की अ‍ॅम्लोडिपिन आलं. पॅन म्हणजे पँटोप्राझोल. पॅन डीमध्ये डॉमपेरिडोनही असतं. ग्लायकोमेटमध्ये फक्त मेटफॉर्मिन, ग्लायकोमेट जीपीमध्ये त्याच्याबरोबर ग्लिमेपिराइड. त्याने साखर एकदम खाली जाऊ शकते, उपाशीपोटी घेतली तर चक्कर येते. अक्षरं मोजणाऱ्या पद्धतीला ‘टेल्मा’ला सर्वांत जवळचं नाव ‘टेल्मा एच’ दिसणार. तिच्या हिशेबात एका अक्षराचा फरक क्षुल्लक आहे. रुग्णाच्या शरीरात तो एका अख्ख्या औषधाचा आहे.

लिपीचाही प्रश्न आहे. सारख्या दिसणाऱ्या नावांतला वेगळा भाग मोठ्या रोमन अक्षरांत छापायची एक पद्धत परदेशी रुग्णालयांत रुळली आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे ती सोय आपल्याला नाही. उलट एकच नाव देवनागरीत चार प्रकारे लिहिलं जातं, ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, अ‍ॅ आणि ए यांची अदलाबदल होते, आणि ते परत रोमनमध्ये आणताना आणखी फाटे फुटतात. फेनरगनचं मूळ स्पेलिंग पी आणि एच यांनी सुरू होतं. ऐकून लिहिणारा एफ लिहितो. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवणारी साउंडेक्स त्या दोघांना कायमचं वेगळं करून टाकते. इंग्रजी आडनावांसाठी बेतलेलं माप मीरा रोडच्या काउंटरवरच्या उच्चारांना पुरणार नाही.

यावर कुणी म्हणेल, जुन्या पद्धतींच्या चुका कशाला उगाळायच्या? आजचे भाषिक प्रारूपांवर चालणारे एजंट संदर्भ समजतात. काही प्रमाणात समजतात, हे खरं. पण २०२४ मध्ये संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. वैद्यकीय प्रश्नपत्रिकांतल्या औषधांची जेनेरिक नावं काढून त्याच औषधांची ब्रँड नावं घातली, किंवा उलट केलं. प्रश्न तोच, औषध तेच. तरी प्रारूपांचे गुण घसरले. ती प्रयोगातली ब्रँड नावं अमेरिकी बाजारातली होती. जगभरच्या इंग्रजी मजकुरात ज्यांचा उल्लेखही तुरळक, त्या आपल्या ब्रँडांचं काय होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. शिवाय हे एजंट बहुतांशी अमेरिकी मजकुरावर वाढलेले. आपलं पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन आहे, आपलं साल्बुटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, आपलं ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड.

याहून वाईट म्हणजे नाव एकच आणि औषध वेगळं. फ्लोमॅक्स अमेरिकेत प्रोस्टेटसाठी देतात, इटलीत त्याच नावाने सूज उतरवणारं औषध मिळतं. डिलाकोर सर्बियात हृदयाचं डिगॉक्सिन आहे; अमेरिकेत डिलाकोर एक्सआर म्हणजे डिल्टियाझेम. अमेरिकी प्रशासनाला परदेशात औषधं घेणाऱ्या प्रवाशांना याबद्दल सावध करावं लागलं होतं. मीरा रोडहून न्यू जर्सीला लेकीकडे चार महिने राहायला गेलेल्या आईवडिलांच्या बॅगेत क्रोसिन, डोलो आणि कॉम्बिफ्लाम असतं आणि तिथल्या कपाटात टायलेनॉल. चारही डब्यांत पॅरासिटामॉल आहे, हे कुठल्याही डब्याच्या नावावरून कळत नाही. एकावर एक घेतलं तर यकृतावर भार येतो. म्हणून औषधाच्या नावाचा शोध देश विचारल्याशिवाय सुरूच होता कामा नये.

एजंटची चूक माणसाच्या चुकीसारखी नसते, हेही ध्यानात घ्यायला हवं. केमिस्ट चुकला तर एका गिऱ्हाइकाबाबत, एका संध्याकाळी चुकतो. पुढच्या खेपेला तो सावध होतो, शेजारचा केमिस्ट तीच चूक करेलच असं नाही. शोधसाधनाने एक जोडी चुकीची जुळवली, तर ते वापरणाऱ्या प्रत्येकाला, प्रत्येक वेळी तीच चूक तितक्याच आत्मविश्वासाने मिळते. आणि पहिल्या पायरीवर नाव चुकलं की पुढची सगळी तपासणी चोख असूनही वाया जाते. भलत्याच औषधाचे दुष्परिणाम अचूक सांगितले जातात, भलत्याच औषधाचा डोस बरोबर निघतो. साखळीच्या टोकाला बसलेल्या माणसाला दिसतो तो नीटनेटका अहवाल. चूक कुठे झाली, त्याची खूणही त्यात राहत नाही.

नावांच्या या गोंधळाकडे आपल्या न्यायालयांनी काणाडोळा केलेला नाही. २००१ मध्ये कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स या खटल्यात फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियावरच्या दोन औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे होता. औषधांच्या बाबतीत नावातलं साधर्म्य इतर मालापेक्षा कडक निकषाने तपासलं पाहिजे, असं न्यायालयाने ठरवलं. चिठ्ठ्यांचं अक्षर, फोनवरून दिलेल्या ऑर्डरी, देशातल्या अनेक भाषा आणि निरक्षर गिऱ्हाईक, या सगळ्याचा त्यात विचार होता. नवं नाव देताना ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाचा शोध अहवाल औषध प्रशासनाने मागावा, अशी सूचनाही होती. पुढे २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ग्लेनमार्कच्या कँडिड-बी या मलमाचं नाव आणि वेष्टन उचलून क्लोडिड-बी विकणाऱ्या कंपनीला न्यायालयाने दीड कोटी रुपये भरायला लावले आणि ती रक्कम केरळच्या पूरग्रस्तांसाठी द्यायला सांगितली. औषधं म्हणजे मिठाई नव्हे, असं तेव्हा सुनावलं गेलं.

मग नोव्हेंबर २०१९ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली. ब्रँड नावाने औषध काढणाऱ्या कंपनीने ट्रेडमार्क नोंदणी, केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचा ब्रँड नावांचा संग्रह, औषधांचे संदर्भग्रंथ आणि इंटरनेट इतक्या ठिकाणी शोध घ्यायचा आणि गोंधळ होईल असं नाव सापडलं नाही, अशी हमी नमुना ५१ मध्ये लिहून द्यायची. म्हणजे औषधाच्या नावाचा शोध ही आता कायद्याने मान्य केलेली गरज आहे. पण तो शोध घेणार कंपनी, निकाल देणार कंपनी आणि हमीही तिचीच. ज्याला नाव हवं आहे त्याच्याच हाती नावाची परीक्षा दिली, तर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय हा नियम नव्या नावांना वेसण घालतो. आधीपासून दुकानांत असलेली हजारो नावं तशीच आहेत.

मग ब्रँडच काढून टाका, सगळे जेनेरिक नावांनी लिहा, असा एक जुना उपाय सुचवला जातो. १९७५ मध्ये हाथी समितीने ब्रँड नावं टप्प्याटप्प्याने बंद करा असं सांगितलं होतं. २०१८ पासून वेष्टनावर जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा मोठ्या टाइपात छापावं लागतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावं लिहिण्याची सक्ती करणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. जेनेरिक नावांचा मी पक्षपाती आहे. सरकारी दवाखान्यातून मेटफॉर्मिन आणि खासगी डॉक्टरकडून ग्लायकोमेट असं एकच औषध दोन नावांनी घेणारा रुग्ण त्याने वाचेल. पण नावांच्या गल्लतीवर ते पुरेसं औषध नाही. जागतिक आरोग्य संघटना १९५० च्या दशकापासून जेनेरिक नावं ठरवते, ती मुद्दाम कुटुंबवार सारखी ठेवते. सेफिक्सिम, सेफ्युरोक्सिम, सेफपोडोक्सिम ही भावंडं आहेत हे नावावरूनच कळावं, हा त्यामागचा विचार. डॉक्टरला ते सोयीचं, शोधसाधनाला फसवं. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल यांची तर औषधकुळंही वेगळी, तरी त्यांच्यात गल्लत झाल्याची नोंद आहे. आणि आपल्याकडच्या तीन-चार घटकांच्या एकत्रित गोळ्यांचं जेनेरिक नाव सांगायचं म्हणजे अख्खी ओळ वाचायची. काउंटरवर कुणी ती वाचणार नाही.

तर मग साधन कसं हवं? त्याने एक नाव देऊ नये, शक्य असलेली सगळी नावं द्यावीत. प्रत्येकाबरोबर घटक, ताकद, गोळी की सिरप, कंपनी आणि देश असावा. ‘सापडलं नाही’ हे उत्तर त्याने न लाजता द्यावं. अंदाज हा अंदाज म्हणूनच दाखवावा. सापडलेल्या पर्यायांतून निवड करायची मुभा एजंटला नसावी. नावाखाली कोणाची तरी, डॉक्टरची, फार्मासिस्टची किंवा निदान रुग्णाची, खूण पडल्याशिवाय पुढची पायरी उघडू नये. पर्यायी ब्रँड परस्पर देण्याचा तर प्रश्नच नाही. आपले औषध नियम फार्मासिस्टलाही शेड्यूल एचमधलं चिठ्ठीतलं औषध बदलून दुसरं द्यायला मनाई करतात, मग घटक तोच का असेना. जी मुभा शिकलेल्या माणसाला नाही, ती प्रोग्रामला कोणत्या न्यायाने मिळावी?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. दर वेळी विचारत राहिलं तर माणसं न वाचता ‘हो’ दाबायला शिकतात. रुग्णालयांत संगणकाच्या इशाऱ्यांचं हेच झालं आहे. शंभर निरर्थक सूचनांमध्ये एक खरी बुडून जाते. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून कधी विचारायचं, हे नावं किती सारखी आहेत यावरून ठरवू नये. चुकलं तर किती बिघडेल यावरून ठरवावं. पुढे आलेले पाचही पर्याय एकाच ताकदीच्या पॅरासिटामॉलचे असतील तर यंत्राने गप्प बसावं. पाचांत एक जीवनसत्त्व आणि एक मेथोट्रेक्सेट असेल, तर गुण ९९ असले तरी थांबावं आणि ‘रोज की आठवड्यातून एकदा’ असं नेमकं विचारावं. जाणता केमिस्ट हेच करतो. तोही प्रत्येक गोळीला उलटतपासणी घेत नाही. कुठे विचारायचं, ते त्याला कळतं. साधनाला ते शिकवायचं तर नावांच्या यादीशेजारी धोक्याची यादी लागते, आणि ती कोणी भाडोत्री कोडर एकट्याने बनवू शकत नाही. त्यासाठी डॉक्टर आणि फार्मासिस्ट बसवावे लागतील.

इथे सरकारची जबाबदारी येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा आरएक्सनॉर्म हा संग्रह फुकट खुला आहे. प्रत्येक औषधाला तिथे कायमचा क्रमांक असतो, आणि चुकीच्या स्पेलिंगवरून शोधायची सोयही आहे. म्हणूनच जगातले एजंट त्याच्याकडे धावतात आणि मीरा रोडची चिठ्ठी अमेरिकी यादीत शोधू लागतात. आपल्याकडे काहीच नाही असं नाही. पुण्याच्या सी-डॅकमधल्या ईएचआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींच्या, मानकांच्या राष्ट्रीय केंद्राने भारतीय औषधांचे समान संकेतांक तयार केले आहेत. ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडांच्या वेष्टनावर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला आहे. त्यात जेनेरिक नाव, ब्रँड, कंपनी, बॅच, परवाना क्रमांक सगळं असतं. हे तुकडे आहेत, ते जोडायला हवेत. ६०,००० ब्रँडांपैकी ३०० वर खूण असणं ही सुरुवात झाली, व्यवस्था नव्हे. प्रत्येक परवान्याबरोबर नाव, घटक आणि संकेतांक एका खुल्या सार्वजनिक नोंदवहीत चढलाच पाहिजे, बंद झालेलं आणि नाव बदललेलं औषधही त्यात तारखेसह राहिलं पाहिजे, आणि शांतीनगरचा केमिस्ट व बंगळूरचा प्रोग्रामर दोघांनाही ती सारखीच उघडता आली पाहिजे. तशी नोंदवही नसेल तर एजंट ऑनलाइन दुकानांच्या पानांवरून नावं वेचत राहतील, आणि ज्याचा माल विकायचा आहे त्याचंच नाव वर दिसेल.

या नोंदवहीत एक गोष्ट मीरा-भाईंदरसारखी शहरंच घालू शकतात: लोकांच्या तोंडातली नावं. इथल्या काउंटरांवर पाच-सहा भाषांतून औषधांची जी रूपं रोज ऐकू येतात, ती कुठल्याही परदेशी संग्रहात नाहीत. केमिस्ट संघटनांनी आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाने रुग्णाची कसलीही ओळख न नोंदवता ती गोळा केली, तर खर्च फारसा नाही आणि उपयोग देशभर होईल. कोणतं चुकीचं रूप कोणत्या बरोबर नावाकडे जातं, आणि कोणतं रूप दोन औषधांकडे जाऊ शकतं, हे दोन्ही त्यात लिहावं. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोलाचा आहे.

हे होईपर्यंत वाचकांनी आपल्या हातातलं करावं. गोळ्या कापून घेतल्या तर नाव आणि एक्स्पायरी छापलेल्या टोकाचा फोटो काढून ठेवा. घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची यादी ब्रँडऐवजी घटकाच्या नावाने करा, पुढे ताकद आणि वार लिहा. गोळीने काही विपरीत झालं तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावरही कळवा. आणि फोनमधल्या एजंटने एखादं नाव ठामपणे सांगितलं, तर आणखी कोणती नावं जुळत होती, हे त्याला विचारा. ते तो सांगू शकत नसेल, तर त्याने दिलेल्या नावावर औषध घेऊ नका.